फाटकाबाहेरचा बँड

“मी मेलो तर माझ्या मयताला बँडचे किती घ्याल?” बस्त्याव तुस्कानोने विचारलं.

मी आणि इनास मास्तर त्याच्या ओटीवर बसलो होतो. समोर पाण्याचे दोन पेले होते. चहाचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. आम्ही आलो होतो बँडसाठी देणगी मागायला, आणि हा माणूस आपल्याच मरणाचा भाव विचारत होता.

“काही नाही,” मास्तर म्हणाले.

“काही नाही म्हणजे?”

“मयताला आम्ही पैसे घेत नाही. लग्नाला घेतो, सणाला घेतो. मयताला नाही.”

“हे कधीपासून?”

“बँड काढला तेव्हापासून.”

बस्त्यावच्या हातात अडकित्ता होता, त्यात अर्धी सुपारी. तो तसाच उघडा राहिला. मला मनातून हसू येत होतं. म्हटलं, फुकट आहे कळल्यावर आता याला मरायची घाई होणार.

“कोणालाच नाही घेत?” त्याने पुन्हा विचारलं.

“कोणालाच नाही. गरीब असो, श्रीमंत असो.”

तो उठला आणि आत गेला. आम्ही वाट बघत बसलो. मला वाटलं, तिजोरी उघडत असेल. मी बसल्या बसल्या पदर सारखा केला, चेहऱ्यावर जरा कृतज्ञता आणून ठेवली. बऱ्याच वेळाने घरात काम करणारी बाई बाहेर आली आणि म्हणाली, “शेट झोपले.”

“आत्ता? चार वाजता?” मी म्हटलं.

“दार लावून घेतलंय. आता तुम्ही जा.”

मास्तरांनी आपला पेला संपवला, माझाही संपवला आणि आम्ही निघालो.

आता हा बस्त्याव कोण, ते सांगते. वसईच्या पट्ट्यातल्या आमच्या गावात केळीच्या सगळ्यात मोठ्या वाड्या त्याच्या. घड नुसता हातात तोलून किती डझन भरतील ते सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. दोन मुलगे कॅनडात, बायको आग्नेस काकू सात वर्षांपूर्वी वारलेली, मोठ्या घरात हा एकटा. नाताळात आम्ही पोरं गाणी गात दारोदार फिरायचो, तेव्हा आमची चाहूल लागली की याच्या घरातला दिवा मालवायचा. कवडीचुंबक या शब्दाचा अर्थ मला शाळेत कोणी समजावून सांगावा लागला नाही. तोंडावर आम्ही त्याला बस्त्याव काका म्हणायचो, पाठीमागे सगळं गाव एकेरीत बोलायचं. मीही तसंच बोलते. आता रागवायला तो नाही.

आग्नेस काकू मात्र वेगळीच बाई. चर्चच्या मागे जुन्या शाळेच्या खोलीत बँडचा सराव चालायचा. ती बाहेरच्या कट्ट्यावर टोपली घेऊन बसायची आणि जुईच्या कळ्या ओवता ओवता ऐकायची. मी तेव्हा बँडमध्ये नव्हते, खिडकीला लटकणाऱ्या पोरांत होते. एकदा तिने मला विचारलं होतं, “तुला वाजवायचंय ना?” मी मान हलवली. “मग लटकतेस काय, आत जा,” ती म्हणाली. पुढे दोन वर्षांनी मी आत गेले, पण तोवर ती राहिली नव्हती.

बँड इनास मास्तरांचा. रेल्वेच्या बँडमधून निवृत्त होऊन ते गावी आले आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना त्यांनी पकडून पकडून आणलं. वाद्यं चर्चने घेऊन दिली, सगळी जुनी. मी सांगते त्या वर्षी त्यांची अवस्था अशी होती की सगळ्यात मोठं पितळी वाद्य, ज्याला आम्ही बास म्हणायचो, त्याला तीन ठिकाणी भोकं पडली होती आणि तो वाजवणारा अंतोन ती दर वेळी कपडे धुण्याच्या साबणाने बुजवायचा. उन्हात साबण सुकला की बास सुस्कारे टाकायला लागायचा. मोठा ढोल एका बाजूने फाटलेला, म्हणून तो वाजवणारा नेहमी फाटकी बाजू भिंतीकडे करून उभा राहायचा. माझ्या कॉर्नेटची, म्हणजे आखूड पितळी तुतारीची, मधली कळ दाबली की वर यायला विसरायची.

दुरुस्तीला पैसे लागत होते आणि ते कोणाकडे नव्हते. पूर्वी लग्नाला आम्हाला बोलवायचे, आता वसईहून मोठमोठे स्पीकर यायला लागले होते. फादर ऑर्लंडो आमच्याकडे नवीन आलेले, माणूस चांगला, पण त्यांनाही देवळात, म्हणजे चर्चमध्येच, कीबोर्ड आणि स्पीकर हवे होते. येत्या रविवारी मिस्सानंतर, म्हणजे उपासना आटोपल्यावर, चर्चच्या कमिटीची सभा होती. तोपर्यंत दुरुस्तीची सोय झाली तर ठीक, नाहीतर वाद्यं विकायची आणि त्यातून स्पीकर घ्यायचे, असं जवळजवळ ठरलंच होतं. एक लग्नबँडवाला येऊन वाद्यं बघूनही गेला. बकरी बघतात तसं त्याने माझं कॉर्नेट उलटंपालटं करून बघितलं. मला त्याचा हात धरून ते काढून घ्यावंसं वाटलं.

घरी मी पाच भावंडांतली मधली. मोठ्यांचं ऐकायचं आणि धाकट्यांना सांभाळायचं, माझं म्हणणं काय ते विचारायला कोणाला सवड नसायची. कॉर्नेट तोंडाला लावलं की मात्र क्रुसाच्या नाक्यापर्यंत ऐकू जायचं. एकोणीस वर्षांची होते मी, आणि जगात माझं म्हणावं असं ते एकच होतं, तेही चर्चच्या मालकीचं.

म्हणून मी आणि मास्तर गावभर फिरलो. कोणी अंडी दिली, कोणी भोपळा दिला, रेजिना मावशीने एक कोंबडी दिली आणि संध्याकाळी येऊन परत नेली, कारण ती शेजारणीची निघाली. आशीर्वाद सगळ्यांनी दिले. शेवटचं घर बस्त्यावचं राहिलं होतं, आणि तिथे काय झालं ते सांगितलंच.

बुधवारी सराव चालू असताना दारात सावली पडली. बघतो तर बस्त्याव. ज्या माणसाने आमच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, तो हातात टोपी घेऊन उभा. वाजवणं एकेक करून थांबलं. अंतोनचा बास सगळ्यात शेवटी थांबला, तोही आपणहून, साबण निघाल्यामुळे.

“इनास,” बस्त्याव म्हणाला, “मला ऐकायचंय.”

“बस. ऐक.”

“हे नाही. मयताचं. माझ्या मयताला जे वाजवाल ते. मेल्यावर मला ऐकू येणार नाही, म्हणून आधी ऐकायचंय.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अंतोनने हसू दाबायला बासमध्ये तोंड घातलं.

“शनिवारी संध्याकाळी या,” बस्त्याव पुढे म्हणाला. “गणवेश घालून. ढोलाला काळं कापड बांधून. घरापासून क्रुसाच्या नाक्यापर्यंत, जसं खऱ्या मयताला असतं तसं. काही कमी नको. आणि या तुमच्या वाद्यांच्या दुरुस्तीचं जे काय असेल ते मी देतो.”

माझा कानांवर विश्वास बसेना. मी उभीच राहिले. तोंडातून ‘थँक्यू काका’ निघणार एवढ्यात मास्तर बोलले.

“येतो शनिवारी. पैसे नकोत.”

“इनास, मी देतोय.”

“मयताला आम्ही घेत नाही. सांगितलं ना तुला.”

बस्त्यावने टोपी घातली आणि तो गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सराव संपेपर्यंत मी कशी थांबले ते माझं मला माहीत. सगळे गेल्यावर मी मास्तरांना गाठलं.

“मास्तर, तो माणूस जिवंत आहे.”

“दिसलं मला.”

“मग मयत कसं? मयताला मेलेला माणूस लागतो. हा तर कार्यक्रम झाला. सणाला घेतो तसे घ्यायचे.”

“चाल मयताची, कापड काळं, रस्ता क्रुसाचा. त्याला मी सण म्हणू?”

“रविवारी वाद्यं जाणार आहेत. आयुष्यात पहिल्यांदा बस्त्याव तुस्कानो स्वतःच्या तोंडाने ‘देतो’ म्हणाला, आणि तुम्ही नको म्हणता. देव तरी पुन्हा असा चमत्कार करील का?”

मास्तर आपलं वाद्य फडक्याने पुसत होते. वर न बघता म्हणाले, “नतालीन, कॉर्नेटची कळ तेल घालून ठेव. शनिवारी अडकायला नको.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारा हट्टाला पेटला होता आणि त्याच्या हट्टापायी बँड बुडणार होता, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “बरं झालं, आता तरी घरकामात लक्ष घाल.” हे वर.

शनिवारी आम्ही गेलो. पांढरे शर्ट, निळ्या पँटी, मी आणि दुसऱ्या दोन मुली निळ्या स्कर्टमध्ये. ढोलाला मास्तरांच्या बायकोचा काळा झगा कापून बांधला होता. बस्त्याव बाहेर आला तर आम्ही बघतच राहिलो. काळा सूट, पांढरा शर्ट, टाय. डांबराच्या गोळ्यांचा वास फाटकापर्यंत येत होता. ओटीवर दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर तो बसला. दुसरी रिकामी होती आणि तिच्यावर जुईचा एक गजरा ठेवला होता. मला वाटलं, फादर येणार असतील. फादरना गजरा कशाला, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

“करा सुरू,” तो म्हणाला.

मास्तरांनी हात वर केला आणि आम्ही सुरू केलं. मयताची चाल फार हळू असते. ढोलावर एक ठोका, मग थांबायचं, मग दुसरा. काळ्या कापडामुळे आवाज दबका येतो आणि तो दबका आवाज आमच्या गावात फक्त एकाच गोष्टीचा असतो. हे आम्हा एवढ्या शहाण्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

देवळात घंटा वाजवायला सांतान होता. आयुष्यभर त्याची सवय अशी की घराकडून ढोल ऐकू आला की मयत निघालं, आणि मयत निघालं की घंटा द्यायची. कोण गेलं, काय झालं, हे विचारायचं काम त्याचं नव्हतं. त्याने घंटा सुरू केली.

घंटा ऐकून गाव बाहेर पडलं. वाडीतून माणसं आली, विहिरीवरून बायका आल्या, कोणी हात धुतले, कोणी नाही. “कोण? बस्त्याव? सकाळी तर केळीचा ट्रक भरून घेत होता.” “असंच असतं. उभ्या उभ्या गेला असेल.” मेणबत्त्या आल्या. बघता बघता फाटकापाशी ही गर्दी. आम्ही वाजवतोय, तोंडं कामात, थांबून सांगणार कोण? मी मास्तरांकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि हात चालूच ठेवला.

रेजिना मावशी फाटकातच रडायला लागली. “अरे बस्त्याव, असा कसा गेलास रे. हाताचा चिकट होतास, पण कोणाचं वाईट केलं नाहीस रे.”

“खोटं कशाला बोलता मावशी,” मागून कोणीतरी म्हणालं, “आमच्या बांधाची वीतभर जागा खाल्ली त्याने.”

“गेलेल्या माणसाचं काढू नये. माझ्या लेकीच्या आजारपणात रात्री ट्रक दिला होता त्याने. भाडं घेतलं, पण ट्रक दिला.”

गर्दी पुढे सरकली आणि ओटीपुढे उभी राहिली. तेवढ्यात ओटीवरच्या अंधारातून आवाज आला, “बाजूला व्हा जरा. मला बँड दिसत नाही.”

रेजिना मावशीने जी किंकाळी फोडली ती मास्तरांनाही चाल सोडायला लावणारी होती. माणसं मागे हटली, दोघं फुलझाडांच्या कुंड्यांत पडली, एकजण मेणबत्ती तशीच पेटती ठेवून पळाला. बस्त्याव खुर्चीत बसलेला, हात गुडघ्यांवर, सुटाबुटात. आम्ही वाजवायचं थांबलो.

आणि अशा वेळी फादर ऑर्लंडो सायकलवरून उतरले. एका हातात तीर्थाचं भांडं, घामाघूम.

“बस्त्याव, तुम्ही जिवंत आहात?”

“सध्या तरी आहे, फादर.”

“मग हे काय चाललंय? मरणाची चेष्टा?” फादरचा आवाज चढला. मग ते मास्तरांकडे वळले. “मास्तर, तुम्हीसुद्धा? या बँडचं उद्या सभेत काय ते लागेलच.”

संपलं, म्हटलं. पैसेही नाहीत आणि आता फादरही गेले.

“चेष्टा नाही, फादर,” मास्तर शांतपणे म्हणाले. “थोडं चालायला या. मग काय ते बोला.”

बस्त्याव उठला. दुसऱ्या खुर्चीवरचा गजरा त्याने दोन्ही हातांत घेतला. “इनास, पूर्ण कर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

मास्तरांनी हात वर केला. आम्ही पुढे, बस्त्याव मागे, त्याच्या मागे फादर, आणि त्यांच्या मागे सगळं गाव, कारण काय चाललंय ते बघितल्याशिवाय कोणी घरी जाणार नव्हतं. क्रुसाचा नाका आला. ठरल्याप्रमाणे इथे थांबायचं होतं. मी कॉर्नेट खाली घेणार तर मास्तर थांबलेच नाहीत. ते डावीकडे वळले, देवळाच्या मागे दफनभूमीच्या रस्त्याला. मागे वळून बघितलं तर बस्त्यावही न विचारता वळला होता.

आग्नेस काकूच्या कबरीपाशी मास्तरांनी हात खाली केला. ढोलाचा शेवटचा ठोका पडला. अंतोनच्या बासमधून थोडी हवा गेली, पण कोणी हसलं नाही.

बस्त्याव गुडघ्यावर बसला. त्याला वेळ लागला बसायला. गजरा त्याने दगडावर ठेवला आणि बायकोशी बोलावं तसं, आम्ही कोणी तिथे नाहीच असं समजून, तो म्हणाला, “आग्नेस, उशीर झाला गं. मला वाटलं, पैसे घेतात.”

एवढंच. मग त्याला रडू आलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

मला काही क्षण कळलंच नाही. आणि मग कळलं तेव्हा ओटीवरचा तो उघडा राहिलेला अडकित्ता डोळ्यांपुढे आला. फादरनी तीर्थाचं भांडं उघडलं आणि कबरीवर शिंपडलं, त्यांनी आणखी एक शब्द विचारला नाही. रेजिना मावशीने आपली मेणबत्ती तिथे लावली. मग एकेकाने लावली. बस्त्यावसाठी आणलेल्या सगळ्या मेणबत्त्या आग्नेस काकूला मिळाल्या.

परतताना मी मास्तरांच्या बाजूने चालत होते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“त्या दिवशी ओटीवर त्याचा चेहरा बघितला तेव्हा कळलं. त्याआधी सात वर्षं मीही त्याच्यावर रागावलेलो होतो. ती वारली तेव्हा आम्ही गणवेश घालून गेलो होतो. रोज कट्ट्यावर बसून ऐकणारी बाई, तिला वाजवायचं नाही तर कोणाला? हा फाटकात आला आणि म्हणाला, बँड नको. मी म्हटलं, नको तर नको. पोरांना घेऊन परत फिरलो. का नको, ते मी विचारलं नाही. आणि आम्ही पैसे घेतो का, ते त्याने विचारलं नाही. पूर्वी बाहेरचे बँड यायचे ते मयतालाही भरपूर घ्यायचे, त्याच्या डोक्यात तेच.”

“म्हणून पैसे घेतले नाहीत.”

“मयतच होतं ते, नतालीन. सात वर्षं राहिलेलं.”

मला माझीच लाज वाटली आणि त्याच वेळी उद्याच्या सभेचा विचारही जाईना. खरं सांगते, दोन्ही एकदम वाटत होतं. म्हातारा देवमाणूस असेल, पण देवमाणसाच्या पुण्याईने बासची भोकं बुजत नाहीत.

रविवारी मिस्सा झाला, कमिटी बसली. लग्नबँडवाला टेम्पो घेऊनच आला होता आणि बाहेर विडी ओढत होता. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर फादरचा सूर मवाळ झाला होता, पण कीबोर्ड काही हवेतून येणार नव्हता. “माझं मन नाही,” ते म्हणाले, “पण वाद्यांच्या दुरुस्तीची सोय झालेली नाही, हेही खरं. इनास मास्तर, काही जमलं का?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

मी मागच्या बाकावर कॉर्नेट मांडीवर घेऊन बसले होते. कळ मी इतकं तेल घालून चालू केली होती की आता ती सुटी खाली-वर होत होती. मी ती दाबत होते आणि सोडत होते.

“थांबा,” दारातून आवाज आला. “मला बँड ठरवायचाय.”

बस्त्याव. आज सूट नव्हता, नेहमीचा मळका शर्ट आणि अर्धी चड्डी, वाडीतून थेट आलेला.

“काका, मयताला आम्ही पैसे घेत नाही,” मी पटकन म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मास्तरांनी माझ्याकडे वळून बघितलं.

“मयत कोण म्हणतंय? लग्नाला घेता ना?”

“लग्नाला घेतो,” मास्तर म्हणाले.

“मग लग्नालाच.”

“कोणाचं लग्न?” फादरनी विचारलं.

“माझं.”

कमिटीतले सगळे खुर्चीत सरळ झाले. रेजिना मावशी, जिचा कमिटीशी काही संबंध नव्हता, खिडकीतून म्हणाली, “या वयात? कोणाशी रे?”

“आग्नेसशी, आणखी कोणाशी?” बस्त्याव तिच्यावर खेकसला. “फेब्रुवारीत आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. तिला मी म्हटलं होतं, चाळिसाव्याला बँड लावीन. तेव्हा म्हटलं होतं कारण ती तिसाव्यालाच मागत होती. आता लावतो. हे लग्नच आहे ना, इनास? का यालाही तुझा काही नियम आहे?”

मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलत होता. “लग्नाच्या वाढदिवसाला लग्नाचाच दर लागतो,” ते म्हणाले. “हिशेब नतालीन बघते. तिच्याशी बोल.”

बस्त्याव माझ्यापुढे येऊन बसला. “बोल. किती?”

“बासची दुरुस्ती, ढोलाचं नवीन चामडं, आणि चारही कॉर्नेटच्या कळा,” मी एका दमात सांगितलं. “सगळं आगाऊ. फुटक्या वाद्यांवर लग्न वाजवता येत नाही.”

“कॉर्नेटच्या कळा तुमच्या तुम्ही करा. बास आणि ढोल देतो.”

“मग कॉर्नेटशिवाय लग्न लावा.”

“एका कॉर्नेटची देतो.”

“चारही.”

“तीन.”

“काका, काल गावाने तुमच्यासाठी मेणबत्त्या आणल्या होत्या. चौथं कॉर्नेट त्यातून वळतं करा.”

तो हसायला लागला. बस्त्याव तुस्कानोला हसताना गावाने पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण फादरनी उगीचच हात जोडले. “कोणाची गं ही पोर?” त्याने मास्तरांना विचारलं. “दादरच्या बाजारात हवी ही.” बाहेरचा लग्नबँडवाला टेम्पो रिकामाच घेऊन गेला. त्याच्या टेम्पोचं भाडं कोण देणार यावर कमिटीत पुढे अर्धा तास वाद झाला, तो वेगळा.

फेब्रुवारीत लग्न झालं. ओटीवर दोन खुर्च्या, एकीवर बस्त्याव, दुसरीवर जुई. चहा होता, केक होता, माणसी एक केळं होतं. बास गुरगुरत वाजला, ढोल दोन्ही बाजूंनी वाजला, माझी कळ एकदाही अडकली नाही. त्यानंतर तो दर फेब्रुवारीत बँड ठरवायला यायचा आणि दर वेळी माझ्याशी घासाघीस करायचा. मला तर वाटतं, पैसे देण्यापेक्षा घासाघीस करायलाच यायचा. पण त्याच्या त्या लग्नावर आमचा बँड कितीतरी वर्षं चालला. नवीन पोरं आली, पोरी आल्या. मास्तर गेले तेव्हा बस्त्याव आमच्या मागोमाग क्रुसापर्यंत चालत आला, काठी टेकत.

मग तोही गेला. मास्तरांची जागा तोवर मी घेतली होती. आम्ही गणवेश घालून, ढोलाला काळं कापड बांधून त्याच्या फाटकाशी गेलो. कॅनडाहून आलेला मोठा मुलगा समोर आला. डोळे लाल, झोप नाही, गोंधळलेला. आम्हाला बघून त्याने हात थोडा वर केला. थांबा म्हणायला, की परत जा म्हणायला, ते मला कळलं नाही, आणि कळेपर्यंत मी थांबलेही नाही.

“मयताला आम्ही पैसे घेत नाही,” मी मोठ्याने सांगितलं.

त्याने हात खाली घेतला आणि फाटक पूर्ण उघडलं.

तेव्हापासून आमच्या बँडचा हा रिवाज आहे. कुठल्याही घरी मयताला गेलो की आत पाऊल टाकायच्या आधी, कोणी विचारो न विचारो, फाटकाशी उभं राहून एकाने हे वाक्य मोठ्याने म्हणायचं. नवीन आलेल्या पोरांना मी सूर नंतर शिकवते, आधी हे वाक्य शिकवते.